गाडीतून न उतरणारा दादा : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण ज्या घरात घडलं, तिथे मी समन्वयक म्हणून काम पाहत होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि कोणाचंच नाव दिलेलं नाही. घरात ज्याला ज्या नात्यानं हाक मारत, तेच इथे वापरलं आहे. काही निर्णय माझे होते आणि त्यातले दोन चुकले. तेही लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

बौद्धिक अक्षमता असलेल्या चार प्रौढांचं हे निवासी घर. दिवसा दोन मदतनीस, संध्याकाळी दोन, रात्री एक. दादा चौघांत वयानं मोठा, ४३ वर्षांचा, म्हणून सगळे त्याला दादा म्हणत. त्याला डाउन सिंड्रोम आहे. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, समोरचा काय म्हणतो ते त्याहून बरंच जास्त समजतं. आयुष्यभर आईबरोबर राहिला. आई गेली आणि तीन आठवड्यांत तो आमच्याकडे आला. मोठी बहीण दुसऱ्या गावी नोकरीला. तिला आम्ही ताई म्हणत असू. दर रविवारी तिचा फोन येई.

पहिले तीन महिने दादा शांत होता. फाइलमध्ये मीच लिहिलं होतं, 'चांगला रुळला.' आज ते वाक्य वाचवत नाही. नुकतीच आई गेलेला, घर सुटलेला माणूस गप्प बसला होता आणि आम्ही त्याला रुळणं समजलो.

आमच्या घरात एक आउटिंग रजिस्टर होतं. तारीख, ठिकाण, कोण कोण गेलं, किती वाजता निघाले, किती वाजता परतले. दर सहा महिन्यांनी तपासणीला येणाऱ्यांना ते दाखवलं की ते खूश होत, कारण रकाने भरलेले असत. बाग, बाजार, तलाव, सिनेमा, पुन्हा बाग. सामाजिक सहभाग या मथळ्याखाली आमचं घर कायम वरच्या श्रेणीत.

अडचण

चौथ्या महिन्यापासून दादा गाडीतून उतरेनासा झाला. गाडीत आनंदानं बसायचा, खिडकीपाशी, पट्टा स्वतः लावायचा. ठिकाण आलं की मात्र हलायचा नाही. मग एक मदतनीस त्याच्याजवळ गाडीत बसून राही आणि दुसरा बाकीच्या तिघांना घेऊन जाई. सहा महिन्यांच्या ५२ आउटिंगमध्ये दादा प्रत्यक्ष उतरला १९ वेळा. त्यातल्या शेवटच्या दोन महिन्यांत १७ पैकी २. रजिस्टरमध्ये मात्र ५२ ही वेळा त्याच्या नावापुढे बरोबरची खूण होती. गाडीत बसून आला म्हणजे आउटिंग झालंच की.

त्याच सुमारास तो दुपारी झोपू लागला, जेवण अर्धवट टाकू लागला. एकदा त्याला हाताला धरून उतरवायला गेलेल्या मदतनिसाच्या मनगटावर त्यानं फटका मारला. लागलं फारसं नाही, पण 'घटना अहवाल' भरावा लागला, आणि अहवाल भरला की माणूस एकदम 'केस' होतो. पुढच्या आढावा बैठकीत विषयपत्रिकेवर लिहिलं गेलं : वर्तनसमस्या, सहभागास नकार.

बैठकीत मांडलेले पर्याय

बैठकीला मी, दोन्ही शिफ्टचे काही मदतनीस, भेट देणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि फोनवर ताई. दादा बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. त्याच्याविषयीची बैठक त्याच्याशिवाय झाली, हे तेव्हा कोणाला खटकलंही नाही.

पहिली सूचना आली ती वर्तन नियंत्रणाची : उतरला तर आवडीची वस्तू, नाही उतरला तर नाही. दुसरी, रात्री एक सौम्य गोळी, 'चिडचिड कमी होईल.' तिसरी, जायचं नसेल तर नेऊ नका, घरीच राहू दे. ही ताईंची होती. 'त्याला त्रास कशाला देताय? तिथे सुरक्षित आहे ना, मला तेवढं पुरे,' असं त्या म्हणाल्या. चौथी सूचना दिवसकेंद्रातले तास वाढवण्याची.

गोळीवर बराच वेळ बोलणं झालं. निदान झालेला मानसिक आजार नसताना केवळ वागणं आवरायला अशी औषधं देण्याची सवय बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रात जुनी आहे. इंग्लंडमध्ये या अतिवापराविरुद्ध २०१६ मध्ये आरोग्यसेवेला मोहीमच काढावी लागली. आमच्या डॉक्टरांनीच शेवटी हात आवरला. म्हणाले, 'आधी शरीर तपासा. मला घाई नाही.' त्या एका वाक्यानं आमचे पुढचे कित्येक महिने वाचवले असं मला वाटतं.

पहिला निर्णय : आधी तब्येत

अपंगत्वाचं निदान इतकं ठळक असतं की त्याच्या सावलीत बाकी सगळं झाकलं जातं. दादा झोपतो, का? डाउन सिंड्रोम आहे. जेवत नाही, का? तेच. खरं तर डाउन सिंड्रोममध्ये थायरॉईड मंदावणं, झोपेत श्वास अडखळणं आणि कानाच्या अरुंद नळीत मळ साचून ऐकू कमी येणं हे तिन्ही सर्रास आढळतं. चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाचाही विचार करावा लागतो. अमायलॉईड हे प्रथिन ज्यापासून बनतं त्याचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर असतं, आणि डाउन सिंड्रोममध्ये त्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. त्यामुळे अल्झायमर या लोकांना इतरांपेक्षा बराच लवकर गाठतो.

तपासण्यांत दोन गोष्टी निघाल्या. थायरॉईड मंद होता. आणि दोन्ही कानांत मळाचे घट्ट गोळे. कान स्वच्छ केल्यावर दादा दवाखान्याच्या दारात थबकला आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, 'मोठा आवाज.' कितीतरी महिने आम्ही त्याला हाका मारत होतो आणि 'सूचना पाळत नाही' असं लिहीत होतो.

स्मृतिभ्रंशाबाबत घोळ झाला. पूर्वी हा माणूस काय काय करू शकत होता, याची नोंद असेल तर आज काय गेलं ते कळतं. आमच्याकडे तशी नोंदच नव्हती. मग ताईंना फोन करून तासभर विचारत बसलो : अंघोळ स्वतः करायचा का, बटणं लावायचा का, पैसे ओळखायचा का. तेव्हा त्यांनी सहज सांगितलं, 'आकडे पक्के आहेत हं त्याचे. जुन्या घरासमोर मैदान होतं. रोज संध्याकाळी कठड्यावर बसून व्हॉलीबॉलचे गुण मोजायचा. आई म्हणायची, माझा हिशेबनीस.' मी ते लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. प्रश्नावलीत त्याला रकाना नव्हता.

थायरॉईडच्या गोळीनं दोनेक महिन्यांत दुपारची झोप कमी झाली, जेवणही सुधारलं. स्मृतिभ्रंशाची लक्षणं दिसली नाहीत. पण गाडीतून उतरणं नाहीच.

वर्तुळांचा कागद

याच काळात आम्ही एक जुनीच रीत वापरून पाहिली. कॅनडातल्या ज्युडिथ स्नो या स्वतः दिव्यांग असलेल्या कार्यकर्तीच्या कामातून ती पुढे आली. कागदावर एकात एक चार वर्तुळं काढायची. अगदी आत जिवाभावाची माणसं, त्याबाहेर मित्र, मग एकत्र काही करणारे ओळखीचे, आणि सगळ्यात बाहेर पैसे घेऊन सेवा देणारे. या खेपेला दादा टेबलाशी होता. फोटो ठेवून तो बोट दाखवी आणि आम्ही चिकटवत जाऊ.

सगळ्यात बाहेरच्या वर्तुळात ११ फोटो झाले : मदतनीस, ड्रायव्हर, डॉक्टर, मी. सगळ्यात आत ताई आणि आई. मित्रांच्या वर्तुळात घरातला एक सोबती. तिसरं वर्तुळ कोरं. ५२ वेळा बाहेर जाऊन आलेल्या माणसाला त्याचं नाव माहीत असलेलं, पगार न घेणारं, गावातलं एकही माणूस नव्हतं. बागेत आम्ही पाच-सहाजण मिळून जायचो, एका बाकावर बसायचो, एकमेकांशीच बोलायचो आणि परतायचो. बागेच्या दृष्टीनं आम्ही गेलोच नव्हतो.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातलं १९ वं कलम समाजात राहण्याच्या समान हक्काबद्दल आहे. एकटेपण आणि वेगळं पाडलं जाणं टळावं यासाठी व्यक्तीला सेवा मिळायला हव्यात, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हे कलम आमच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं होतं. आमची सेवाच त्या वेगळेपणाचा एक भाग झाली होती. दर आठवड्याला त्याला आम्ही गाडीत घालून फिरवून आणत होतो, इतकंच.

गाडीच्या खिडकीतून

धागा सापडला तो संध्याकाळच्या शिफ्टमधल्या मदतनीस मावशींना. बाजाराला जाताना गाडी एका सार्वजनिक मैदानाच्या कडेला उभी राही, कारण सावली तिथेच. दादाबरोबर गाडीत बसण्याची पाळी बहुतेकदा मावशींची. एक दिवस त्या मला म्हणाल्या, 'मॅडम, हा तिथे नुसता बसत नाही. पुटपुटतो. मला वाटायचं स्वतःशीच बोलतोय. काल कान देऊन ऐकलं, तर एकवीस-एकोणीस, बावीस-एकोणीस. समोर खेळ चाललेला असतो ना, त्याचे गुण.'

मावशी सातवी शिकलेल्या. आमच्या बैठकांत त्या चहा देऊन जात, बसत नसत. त्यानंतर बसू लागल्या.

तेव्हा ताईंचं ते वाक्य आठवलं. दोन्ही गोष्टी समोर ठेवल्या तेव्हा दादाला बाहेर जायचंच नाही हे म्हणणं टिकेना. तो आमच्या ठिकाणी जात नव्हता. त्याचं ठिकाण तो रोज बघत होता, काचेतून.

पहिला प्रयत्न, जो फसला

पुढचं पाऊल मी उचललं आणि चुकीचं उचललं. संस्थेच्या कागदावर खेळाडूंच्या संघाला पत्र लिहिलं : 'आमच्या विशेष मित्राला आपला खेळ आवडतो. कृपया त्याला एक संधी द्यावी.' संघ चांगला होता, चाळिशी-पन्नाशीची दहा-बारा माणसं, कामावरून आल्यावर खेळणारी. त्यांनी दादाला बोलावलं, फुलांचा गुच्छ दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हातात चेंडू देऊन फोटो काढले. कोणीतरी त्याला नेटवरून चेंडू मारायला लावला आणि तो नेटपर्यंतही न पोचता सगळ्यांनी जल्लोष केला. दादानं चेंडू खाली ठेवला आणि गाडीत जाऊन बसला.

पुढचे दोन आठवडे तो मैदानाकडे बघेनाही.

मी त्याला पाहुणा करून टाकलं होतं. पाहुण्याचं कौतुक होतं, पण पुढच्या वेळी तो आला नाही तर कोणाचं काही अडत नाही. त्या पत्रात 'संधी द्यावी' हे शब्द वापरले तेव्हाच देणारा कोण आणि घेणारा कोण हे ठरून गेलं. समाजात माणसाला मान मिळतो तो त्याच्या भूमिकेमुळे, ही मांडणी या क्षेत्रातले अभ्यासक वुल्फ वुल्फेन्सबर्गर यांनी १९८३ मध्ये केली. प्रशिक्षणात ती मी इतरांना शिकवत असे.

दुसरा प्रयत्न

या वेळी मी गेलेच नाही. संध्याकाळच्या शिफ्टमध्ये पंचविशीचा एक मुलगा होता, कॉलेजात खेळलेला. तो आठवडाभर एकटाच तिथे जाऊन खेळला. आमच्या कामाबद्दल एक शब्द नाही. त्यानं फक्त एवढं पाहिलं की या गटात अडतंय कुठे. ते पहिल्याच दिवशी दिसलं. गुण मोजायला कोणी तयार नसे, जो मोजे तो मधेच विसरे, आणि दर सेटला एक भांडण. पाट्या उलटायचा जुना स्कोअरबोर्ड कपाटात धूळ खात पडलेला.

आठव्या दिवशी तो संघातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या काकांना म्हणाला, 'माझ्या ओळखीचा एकजण आहे, मोजायला पक्का. बोर्ड काढता का?' काका म्हणाले, 'देवासारखा माणूस, आण उद्याच.' त्या वाक्यात दया नव्हती, गरज होती.

दादाला मात्र आम्ही थेट नेलं नाही. आधी घरी पुठ्ठ्याचा बोर्ड केला. खेळाचे व्हिडिओ लावून दहा दिवस सराव. सेट २५ चा, दोन गुणांची आघाडी हवी, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. अडचण बोटांची होती, कारण पाट्या एकमेकींना चिकटत. आमच्या मुलानं प्रत्येक पाटीच्या कोपऱ्याला कापडी शेपटी लावली. एवढंच साहाय्यक साधन.

आणि एक गोष्ट त्याच आठवड्यात ताईंच्या तोंडून निघाली. घरी येण्याच्या दिवशी दादाला कसं आणलं होतं, असं मावशींनी फोनवर विचारलं. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'खरं सांगितलं असतं तर आला नसता. चल, फिरायला जाऊ या, म्हटलं. गाडीतून उतरला तो तुमच्या दारात.' आणि आई गेल्याचं? 'आई गावाला गेलीय, एवढंच सांगितलंय.'

आम्ही दर वेळी कोणत्या शब्दांनी आउटिंग सुरू करत होतो? 'चला, फिरायला जाऊ या.'

त्याच्यासाठी या वाक्याचा एकच अनुभव होता : गाडीतून उतरलं की घर जातं. हे माझं अनुमान आहे, त्यानं कधी सांगितलेलं नाही. पण त्या दिवसापासून आम्ही ते वाक्य बंद केलं. निघताना ठिकाणाचा फोटो दाखवायचा, परतण्याची वेळ घड्याळात दाखवायची आणि त्याच्या खोलीची किल्ली त्याच्या खिशात द्यायची. किल्लीची कल्पना मावशींची.

आईबद्दल ताईंनी स्वतः येऊन सांगितलं. फोटो घेऊन बसल्या. 'आई वारली. आता येणार नाही.' दादा रडला, मग त्यानं फोटो उशीखाली ठेवला. पुढचे चार दिवस वाईट गेले. सांगितलं हे बरं केलं की नाही, असा प्रश्न शिफ्टमध्ये दोघांनी विचारला. मला तेव्हाही शंका नव्हती. आईची वाट बघत बसण्यापेक्षा तिच्यासाठी रडणं त्याच्या वाट्याला यायला हवं होतं, आणि ते सव्वा वर्ष आधी.

त्यानंतरच्या सोमवारी दादा मैदानावर गाडीतून उतरला. बोर्डाशी बसला. तीन सेट मोजले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सगळ्यात अवघड अडथळा : सात वाजताची शिफ्ट

इथे कोणालाही वाटेल की गोष्ट संपली. खरी डोकेदुखी तेव्हा सुरू झाली. खेळ सहाला सुरू होऊन साडेसातच्या पुढे चाले. आमची शिफ्ट सातला बदले. हँडओव्हरला सगळे घरात हवेत, रात्रीचा एकटा मदतनीस येण्याआधी औषधं आणि जेवण उरकलेलं हवं. म्हणजे दादाला पावणेसातला उठवून आणायचं, सेट अर्धा टाकून. दोनदा तसं केलं. दुसऱ्यांदा त्यानं पुन्हा मनगटावर फटका मारला. घटना अहवालात कारणाच्या रकान्यात मी लिहिलं : 'स्कोअर २२-२२ असताना उठवलं.'

पर्याय तीन होते. संघाला वेळ बदलायला सांगणं, जे आधीच्या पत्रासारखंच झालं असतं. दादाला काही दिवस फक्त पहिले दोन सेट मोजू देणं. किंवा आमची शिफ्ट हलवणं. व्यवस्थापनाचं पहिलं उत्तर होतं, 'एका माणसासाठी रोस्टर बदलता येणार नाही.' मी रजिस्टरमधली मागच्या वर्षाची सगळी आउटिंग काढून पाहिली. एकही पावणेसातच्या पुढे गेलेलं नव्हतं. चौघांपैकी कोणीच वर्षभरात अंधार पडल्यावर घराबाहेर नव्हतं. प्रौढ माणसं, संध्याकाळी सातला आत. तो कागद बैठकीत ठेवल्यावर 'एका माणसासाठी' हा मुद्दा राहिला नाही.

आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळची शिफ्ट साडेआठपर्यंत करायची ठरली. दोन मदतनिसांना ते जमणारं नव्हतं. एकीची लहान मुलं होती, तिच्या जागी अदलाबदल केली. दुसरा नाराजीनं तयार झाला आणि ती नाराजी शेवटपर्यंत राहिली. कोणाच्या तरी सोयीतून वेळ काढावा लागतो, ती फुकट येत नाही.

चाळीस मिनिटं

दोन महिने सुरळीत गेले. आमचा मुलगा आधी दादाच्या शेजारी बसे, मग पाठीमागच्या बाकावर, मग वीस पावलांवर. मदतनीस जवळ असला की लोक दादाशी न बोलता मदतनिसाशी बोलतात, म्हणून हे मुद्दाम केलं.

मग एका शुक्रवारी तिसरा, निर्णायक सेट होता. हा १५ गुणांचा असतो आणि त्यात एक संघ ८ वर पोचला की मधेच बाजू बदलतात. आकडे तेच राहतात, माणसं इकडची तिकडे. हा भाग आम्ही शिकवलाच नव्हता, कारण सामना बहुतेकदा दोन सेटमध्ये संपे. दादानं डावीकडच्या संघाचे गुण डावीकडेच वाढवले. १२ वर वाद पेटला. एकजण बोर्डाशी येऊन ओरडला, 'याला कोणी बसवलं इथे?' भांडण शमेपर्यंत दादा जागेवर नव्हता.

चाळीस मिनिटं आम्ही शोधत होतो. बाजारात, बसथांब्यावर, घरच्या रस्त्यावर. मी ताईंना फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, 'मी आधीच सांगितलं होतं.'

दादा सापडला मैदानाच्या पलीकडच्या कडेला, जिथे पूर्वी आमची गाडी उभी राहायची त्या झाडाखाली. काही करावंसं न वाटलं की गाडीत जाऊन बसायचं, हीच त्याची पद्धत होती. तो गाडीच्या जागी गेला, गाडी नव्हती, तर तिथेच थांबला. खिशातली किल्ली हातात धरून. आम्ही भेदरून सगळीकडे धावलो आणि त्यानं सगळ्यात समंजस काम केलं होतं.

थांबायचं की चालू ठेवायचं

ताईंना थांबवायचं होतं. त्यांचं भय खोटं नव्हतं, आणि त्यांना गप्प करणं हा माझा हेतूही नव्हता. अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या संदर्भात जोखमीच्या प्रतिष्ठेची कल्पना मांडली. माणसाला सगळ्या धोक्यांपासून वाचवणं म्हणजे त्याचं माणूसपण थोडं काढून घेणं, असा तिचा आशय. पण ही कल्पना सोयीनं वापरता येते. जोखीम त्याची आणि निष्काळजीपणा आमचा, असं होता कामा नये. त्या शुक्रवारी तसं झालं होतं. मुलगा वीस पावलांवर होता खरा, पण फोनवर बोलत होता.

म्हणून या बैठकीत प्रश्न बदलला. 'जाऊ द्यायचं का' याऐवजी 'पुढच्या वेळी रागावून निघाला तर काय व्हावं' असा विचारला. दादा बैठकीत होता. मैदानाचा नकाशा काढला आणि त्याला विचारलं, राग आला तर कुठे? त्यानं झाडावर बोट ठेवलं. मग झाड हीच ठरलेली जागा. खिशात फोन नंबरचं कार्ड. झाडापर्यंतच्या वाटेचा सराव, त्यात रस्ता ओलांडावा लागत नव्हता हे नशीब. ताईंनी अट घातली : तीन महिने, मग पुन्हा बोलू. ती मान्य केली.

संघाशी बोलायला मावशी गेल्या. काकांनीच मार्ग काढला. गुणांचे दोन्ही गठ्ठे हुकांवर अडकवलेले होते. ८ झाले की काका मोठ्यानं 'बदल' म्हणणार, दादा दोन्ही गठ्ठे काढून एकमेकांच्या जागी लावणार. ओरडणारा गृहस्थ माफी मागायला आला नाही. पण पुढच्या आठवड्यात तो दादाला म्हणाला, 'काय रे, किती झाले?' दादानं उत्तर दिलं नाही, बोर्डाकडे बोट दाखवलं. संघ हसला, आणि या वेळी हसू त्या गृहस्थावर होतं.

परिणाम

हे लिहिताना मैदानाला नऊ महिने झाले आहेत. दादा आठवड्यातून तीन संध्याकाळी गुण मोजतो. कोरं असलेल्या तिसऱ्या वर्तुळात सात फोटो आहेत. काकांचा फोटो त्यानं स्वतः एक वर्तुळ आत सरकवला. ताप येऊन दादा दोन दिवस गेला नाही, तर तिसऱ्या दिवशी काका आणि आणखी एकजण घरी विचारायला आले. आमच्या व्हिजिटर रजिस्टरमध्ये नातेवाईक किंवा अधिकारी नसलेली ही दादाची पहिली नोंद. 'नातं' या रकान्यात काय लिहायचं ते पहारेकऱ्याला कळेना. त्यानं 'व्हॉलीबॉल' लिहिलं.

मनगटावरचे फटके पूर्ण थांबलेले नाहीत. नऊ महिन्यांत तीन. बाजारात तो अजूनही गाडीतून उतरत नाही, आणि आम्ही आता त्याला नेत नाही. गोळी सुरू करावी लागली नाही. ताईंचे तीन महिने संपले तेव्हा त्या स्वतः खेळ बघायला आल्या, कठड्यावर बसल्या आणि काही न बोलता परत गेल्या. त्यानंतर अटीचा विषय निघालेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी, येण्याचा दिवस. नवीन माणूस घरात आला की आम्ही औषधं, ॲलर्जी, आवडीनिवडी विचारतो. त्याला काय सांगून आणलं, हे कधीच विचारत नव्हतो. आता प्रवेशाच्या फॉर्मवर तो पहिला प्रश्न आहे. मृत्यू लपवला असेल तर तो कोण, कधी, कसा सांगणार हे प्रवेशाच्या आधी ठरतं.

कान आणि थायरॉईड पहिल्या महिन्यात तपासायला हवे होते. बैठक होईपर्यंत थांबण्याचं काहीच कारण नव्हतं. आणि तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आज काय काय जमतं याची नोंद करून ठेवायला हवी होती, म्हणजे पुढे स्मृतिभ्रंशाची शंका आली तर तुलनेला काहीतरी हाताशी राहतं.

माझं पत्र. त्याबद्दल वर लिहिलंच आहे.

एका गोष्टीवर मी अजून ठाम नाही. सगळं काही एका मुलाच्या खेळाडू असण्यावर आणि मावशींच्या कानावर उभं राहिलं. मुलानं दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडली. तो अजूनही तिथे खेळायला येतो, पण तो आता आमचा नाही, संघाचा आहे. ते टिकलं म्हणून बरं वाटतं, पण त्यात आमची व्यवस्था कुठे होती, हे मला दाखवता येणार नाही.

आणि बाकीचे तिघे. रोस्टर बदललं ते सगळ्यांसाठी, पण त्या तीन संध्याकाळी ते अजून घरातच असतात. त्यातल्या एकीनं वर्तुळांचा कागद दोनदा मागितला आहे. आम्ही 'पुढच्या महिन्यात' म्हणालो, दोन्ही वेळा.

सध्याची स्थिती

मैदान दुरुस्तीसाठी चार महिने बंद राहणार आहे. संघ दुसऱ्या मैदानावर जाणार, जे दोन बस बदलून लागतं आणि जिथे ते झाड नाही. आमची गाडी त्या वेळी दवाखान्याच्या फेरीला असते. पुढच्या बुधवारी यावर बैठक आहे. दादा, ताई आणि मावशी आहेत, काकांनाही बोलावलं आहे. कुलूपबंद कपाटात बोर्ड राहू नये म्हणून काकांनी तो दादाकडे दिला. सध्या तो त्याच्या पलंगाखाली आहे, दोन्ही बाजूंना शून्य लावून.